शत्रू कोणी आणायचा?



मागच्या खेपेला आपण चतुरंगापासून बुद्धिबळापर्यंत आलो होतो. आजचा विषय त्याच्याच शेजारचा आहे, पण ऐकायला जरा पोरकट वाटेल. वाटू द्या. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे पोरकट प्रश्नांची मला भीती वाटत नाही.

झालं असं की, माझा नातू सुट्टीत आला होता. जाताना पुठ्ठ्याचं एक खोकं माझ्या टेबलावर ठेवून गेला. आत प्लास्टिकचे अठरा सांगाडे. प्रत्येक सांगाडा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, हातात तलवार नाहीतर भाला. म्हणाला, "आजोबा, तुम्हाला वेळ असतो. एवढे रंगवून ठेवा. हे माझे शत्रू आहेत."

मी विचारलं, "तुझे शत्रू, तर तूच का विकत घेतलेस?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला, पण मला खरंच कळलं नव्हतं. मग त्याने समजावून सांगितलं. खेळाचं नाव 'रेंजर्स ऑफ शॅडो डीप'. जोसेफ मॅक्कुलो नावाच्या लेखकाने २०१८ मध्ये तो काढला. तुमचा एक रेंजर, म्हणजे सरहद्दीवरचा पहारेकरी म्हणा, आणि त्याचे चार-दोन साथीदार. पलीकडे सगळं गिळत येणारा अंधार आणि त्या अंधारातून बाहेर पडणारे प्राणी. मोहीम टप्प्याटप्प्याने चालते. एका चकमकीत जायबंदी झालेला गडी पुढच्या चकमकीत तसाच लंगडत येतो. मेला तर मेला, दुसरा आणायचा. आणि मुख्य गोष्ट अशी की, हा खेळ एकट्याने किंवा दोस्तांबरोबर एकाच बाजूने खेळायचा. समोर माणूस नाही. मग समोरची बाजू कोण आणणार? तुम्हीच. उंदीर, कोळी, चालती प्रेतं, सांगाडे, सगळं तुम्ही जमवायचं, रंगवायचं, डब्यात नीट ठेवायचं. नातवाकडे स्वतःची माणसं सात आहेत आणि शत्रू साठ.

बुद्धिबळाच्या डब्यात काळं आणि पांढरं सैन्य एकत्रच येतं. सारीपाटाच्या सोंगट्यांचंही तसंच. फक्त आपली बाजू घेऊन कोणी घरी जात नाही. मग शत्रू ही वेगळी जमवायची वस्तू केव्हापासून झाली? आज मला एवढंच शोधायचं आहे.

सुरुवात जर्मनीत करू. १७८० मध्ये ब्राउनश्वाइग इथल्या हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवला. घरांना रंग देऊन कुठे डोंगर, कुठे दलदल, कुठे नदी दाखवली. प्याद्यांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफा आल्या. दरबारातल्या पोरांना युद्धशास्त्र शिकवायचं म्हणून हा खटाटोप. पण चौकटी राहिल्याच.

चौकटी मोडल्या राइसविट्झ बापलेकांनी. बाप प्रशियात सरकारी अधिकारी होता. १८१२ मध्ये त्याने राजा फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा याला एक भलंमोठं टेबल नजर केलं. खाली खण, वर प्लास्टरचे तुकडे, ते हवे तसे जुळवले की गाव, टेकडी, ओढा तयार. काळ लक्षात घ्या. प्रशियाला नेपोलियनने १८०६ मध्ये पार झोपवलं होतं. हरलेल्या राजाच्या महालात लुटुपुटूचं युद्ध चालू होतं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. हरलेला माणूस रात्री झोप येत नाही म्हणून तीच लढाई मनात पुन्हा लढत असतो, तसंच ते.

मुलगा तोफखान्यात अधिकारी. त्याने १८२४ मध्ये नियम नव्याने लिहिले आणि टेबलाच्या जागी नकाशा आणला. प्रमाण १ : ८०००. एक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. फासे टाकून नुकसान ठरायचं, कारण युद्धात नशीब असतं हे बुद्धिबळ मान्य करत नाही. आणि मधोमध बसायचा पंच. दोन्ही बाजू पंचाला लेखी हुकूम देणार. समोरच्याचं सैन्य तुमच्या पथकाला दिसत असेल तरच पंच ते तुमच्या नकाशावर मांडणार. नाहीतर समोर कोरा कागद. सेनापती म्युफलिंग पहिल्यांदा हा खेळ पाहायला आला तेव्हा फारसा उत्सुक नव्हता. डाव संपेपर्यंत त्याची खात्री पटली की हा खेळ नव्हे, ही युद्धाची शाळा आहे. आणि त्याने तो पलटणीपलटणींत पाठवला. बिचाऱ्या तरुण राइसविट्झला त्याचं सुख मिळालं नाही. १८२७ मध्ये त्याने आत्महत्या केली.

या खेळात ठोकळे दोन रंगांचे, निळे आणि लाल. पण ठोकळे सारखेच. लाल बाजू चालवणारा कोण? दुसरा प्रशियन अधिकारी! उद्या कदाचित तो निळी बाजू घेईल. म्हणजे शत्रू ही खुर्ची आहे. त्या खुर्चीत आज तुम्ही, उद्या मी. आणि तिथे बसलेल्याने मनापासून, अक्कल लढवून तुम्हाला हरवायचा प्रयत्न केला पाहिजे, नाहीतर तुम्ही काहीच शिकणार नाही. समोरच्याला मूर्ख समजायची सोय या खेळात नाही.

आता जर्मनी सोडू आणि एका इंग्लिश पाद्र्याच्या घरी जाऊ. यॉर्कशरमधलं हावर्थ गाव, जून १८२६. पॅट्रिक ब्राँटी लीड्सहून परतले ते लेकासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी घेऊन. लेक ब्रॅनवेल, वय आठ. सकाळी तो पेटी घेऊन बहिणींच्या खोलीच्या दारात उभा राहिला. शार्लट दहा वर्षांची, एमिली सातची, अ‍ॅन सहाची. शार्लटने उडी मारून सगळ्यांत देखणा शिपाई उचलला आणि जाहीर केलं की हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा अकराच वर्षं झाली होती, वेलिंग्टन म्हणजे इंग्लंडचा देव. हे सगळं शार्लटने पुढे १८२९ मध्ये स्वतः लिहून ठेवलं आहे, म्हणून आपल्याला कळतं.

आणि ब्रॅनवेलने काय घेतलं? पेटी त्याची. पहिला हक्क त्याचा. त्याने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं बोनापार्ट.

हा प्रसंग साहित्याचे लोक ब्राँटी भगिनींच्या प्रतिभेचा उगम म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. या शिपायांच्या गोष्टींतून ग्लास टाउन, अँग्रिया, गोंडाल अशी काल्पनिक राज्यं उभी राहिली. शिपायांना वाचता यावीत म्हणून मुलांनी आगपेटीएवढी पुस्तकं लिहिली, मुंगीच्या अक्षरात. पण माझं लक्ष त्या पोराकडे जातं. कोणी त्याला सांगितलं नव्हतं की तू शत्रू हो. तिने वेलिंग्टन घेतल्यावर त्याला कळलं असावं की, आता समोर कोणीतरी पाहिजे, नाहीतर गोष्ट पुढे सरकणार नाही. आमच्या कोकणात दशावतारात काळा वेष चढवून, लाल जीभ लोंबती ठेवून संकासुर येतो ना, तसं. तो आल्याशिवाय पोरं जागी होत नाहीत. संकासुराचं सोंग घेणाऱ्या नटावर गावाचा जीव असतो.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं थोडक्यात सांगतो. क्षयाने आजारी म्हणून तो १८८१-८२ चा हिवाळा स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसला होता. तिथे माळ्यावर खडूने नकाशे काढून सावत्र मुलगा लॉइड याच्याशी शेकडो शिशाच्या शिपायांची लढाई खेळायचा. दिवसेंदिवस चालणारी मोहीम, कुमक, दारूगोळ्याचा हिशेब, शिवाय लढाईच्या बातम्या छापल्यासारख्या लिहायच्या. म्हातारे काय आणि आजारी काय, खेळाला सबब लागते, ती मुलं पुरवतात. मी त्यातलाच.

एच. जी. वेल्सपाशी मात्र थांबायला हवं. इंग्लंडमध्ये १८९३ पासून विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली होती. माल हलका आणि स्वस्त. मध्यमवर्गीय घरांत शिपायांचे ढीग झाले. त्यात कंपनीची स्प्रिंगवाली तोफ आली. ती इंचभर लाकडी गोळी नेमकी मारायची. वेल्सने दोन मुलांच्या निमित्ताने जमिनीवर पुस्तकं, ठोकळे, झाडाच्या फांद्या मांडून युद्ध सुरू केलं आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं. तोफेची गोळी लागून शिपाई आडवा पडला की मेला. हातघाईवर दोन्हीकडचे सारखेच मरतात. त्याच्या खेळातसुद्धा लाल सैन्य आणि निळं सैन्य. दोन्ही सैन्यं एकाच घरातली, एकाच पेटीतून निघालेली.

त्या पुस्तकाच्या शेवटी वेल्सने जे मांडलंय त्याचा आशय असा: खरं युद्ध अत्यंत महाग आणि मूर्खपणाचं असतं, ज्या राजांना, सेनापतींना, देशभक्तीचे ढोल पिटणाऱ्यांना खुमखुमी असेल त्यांना एका मोठ्या दालनात कोंडावं, हवे तेवढे खेळण्यातले शिपाई द्यावेत आणि लढू द्यावं. पुस्तक १९१३ चं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. आणि याच वेल्सने लगोलग लेख लिहिले की हे युद्ध युद्धांनाच संपवणारं आहे, जर्मन लष्करशाही चिरडलीच पाहिजे. त्या लेखांचं पुस्तक १९१४ मध्येच निघालं. मी त्याला ढोंगी म्हणणार नाही. पण एवढं दिसतं की, घरातल्या गालिच्यावर लाल कोण आणि निळा कोण हे वेल्स दर रविवारी बदलू शकत होता. फ्लँडर्समध्ये ते बदलता येत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ झपाट्याने ओलांडतो. इंग्लंड-अमेरिकेत प्रौढ माणसं हा छंद गंभीरपणे करू लागली, नियतकालिकं निघाली, मंडळं झाली. नेपोलियन, रोमन, मध्ययुगीन, ज्याची त्याची आवड. पण तोवर एक शिस्त होती. तू फ्रेंच सैन्य जमव, मी इंग्लिश जमवतो. शत्रू म्हणजे दुसऱ्याचा संग्रह.

ही शिस्त मोडली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या लहान गावात. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं आणि त्याला एक परिशिष्ट जोडलं. त्यात जादूगार, ड्रॅगन, ऑर्क. टोल्कीनच्या कादंबऱ्या तेव्हा अमेरिकेत तुफान खपत होत्या. अडचण अशी की, सरदारांचे शिशाचे पुतळे मिळायचे, ड्रॅगनचा मिळायचा नाही. मग गायगॅक्सने प्लास्टिकच्या डायनोसॉरला कापून, जोडून ड्रॅगन केला. स्वस्त दुकानातून हाँगकाँगच्या विचित्र प्राण्यांच्या पिशव्या आणल्या. पिशवीवर लिहिलेलं 'प्रागैतिहासिक प्राणी', पण आतल्या प्राण्यांचा इतिहासाशी काडीचा संबंध नव्हता! एकाच्या शेपटीला पंख्यासारखं काहीतरी. तो काय असेल? गायगॅक्सने ठरवलं, हा लोखंड खातो, चिलखताला स्पर्श केला की त्याचा गंज होतो. १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. पुढे त्याच्या पुरवण्यांत हा गंजवणारा प्राणी आला आणि आजही, पन्नास वर्षांनी, त्या पुस्तकांत तो आहे.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात फार मजा आहे. आपली समजूत अशी की आधी शत्रू असतो, मग त्याची प्रतिमा करतात. इथे आधी चार आण्यांची प्रतिमा आली. हातात आली म्हणून तिचा स्वभाव, तिचं वैर, सगळं नंतर शोधलं. खेळाच्या बाहेर असं घडत नाही असं छातीठोकपणे कोणी म्हणेल का?

यानंतर कारखाने आले. इंग्लंडमध्ये १९७५ मध्ये स्थापन झालेली गेम्स वर्कशॉप, तिच्या जोडीला सिटाडेलचे पुतळे, १९८३ मध्ये 'वॉरहॅमर'. आता ड्रॅगन कापून करावा लागत नव्हता, दुकानात टांगलेला मिळत होता. याच कंपनीने १९९९ मध्ये 'मॉर्डहाइम' काढला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेलं शहर आणि त्यात भटकणाऱ्या लहान टोळ्या. मोठ्या सैन्याऐवजी दहा-पंधरा गडी, त्यांना नावं, त्यांच्या जखमांची नोंद. चकमक आणि मोहीम यांची जोडी तिथे पक्की झाली. मॅक्कुलोचा आधीचा खेळ 'फ्रॉस्टग्रेव्ह' २०१५ चा, बर्फात गाडलेल्या शहराचा. एक मांत्रिक, एक त्याचा शिष्य, फार तर आठ भाडोत्री शिपाई आणि वीस बाजूंचा फासा. तिथे समोर माणूस असतो, पण खजिना उचलताना मधूनच कुठून तरी हिंस्र प्राणी निघतात. दोघांपैकी कोणाचेच नसलेले. ते कोणीतरी जमवून ठेवावे लागतात. 'रेंजर्स'मध्ये तर फक्त तेच उरले.

ते चालतात कसे, हे नातवाने मला दाखवलं. पुस्तकात क्रम दिला आहे. शेजारी कोणी असेल तर मारायचं. नसेल, पण दिसत असेल तर त्याच्याकडे जायचं. कोणीच दिसत नसेल तर ठरलेल्या दिशेने. बस. पंच नाही, डावपेच नाहीत, फितुरी नाही, तह नाही. सांगाडा कधी पळून जात नाही आणि शरण येत नाही. मी विचारलं, "याच्याशी बोलता येतं का?" नातू म्हणाला, "आजोबा, तो सांगाडा आहे."

योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' लिहिलं. संस्कृती खेळातून उगवते, असा त्याचा सिद्धान्त. त्यात तो युद्धाकडेही येतो आणि म्हणतो की समोरच्याला जोवर आपण बरोबरीचा मानतो, नियम दोघांनाही लागू आहेत असं धरतो, तोवरच युद्धात खेळाचा अंश शिल्लक राहतो. राजकारण म्हणजे मुळात मित्र आणि शत्रू यांची विभागणी, असं म्हणणाऱ्या कार्ल श्मिटवर त्याने तिथे कडक टीका केली आहे. १९४२ मध्ये नाझींनी हुइझिंगाला ओलीस म्हणून डांबलं. नंतर सोडलं, पण घरी लायडनला परतू दिलं नाही. १९४५ च्या फेब्रुवारीत, देश मुक्त व्हायच्या आधीच, तो गेला.

हुइझिंगाच्या कसोटीला नातवाचा खेळ उतरतो का? सांगाडा बरोबरीचा नाही. पण दुसरीकडून बघा. सांगाड्याला कोणाचंच आडनाव नाही. हरला तर कोणाच्या घरी सुतक नाही. माणसाला शत्रू करण्यापेक्षा सांगाड्याला केलेला काय वाईट, असं नातू म्हणाला तर माझ्याकडे उत्तर नाही. आणि उत्तर का नाही, ते सांगतो. हे मी आजवर व्याख्यानात बोललो नाही.

आपल्याकडे दिवाळीत किल्ला करतात. विटा, दगड, पोतं, वर चिखल, त्यावर अळीव पेरायचे. कुंभारवाड्यातून मातीची चित्रं आणायची. वर सिंहासनावर महाराज, खाली तोफा, पायऱ्यांवर मावळे. पायथ्याला गवळण, वाघ आणि विहीर. प्रमाणाचा आनंदीआनंद, वाघ बुरुजाएवढा! या सगळ्यात शत्रूचं चित्र क्वचित. पैसे तुटपुंजे, ते मावळ्यांवर संपायचे. शत्रू कोण विकत घेणार?

मग आम्ही दगडगोटे मांडून 'हे मोगल' म्हणायचो. नाहीतर पोरांनी स्वतःच व्हायचं. आणि आमच्या वाड्याच्या मागच्या चाळीत एक मुसलमान मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही. दर दिवाळीत शत्रू तोच. कोणी ठरवलं नाही, कोणी त्याला विचारलंही नाही. आमच्यात भांडण नव्हतं, तो आमच्या घरी फराळाला यायचा. पण लढाई सुरू झाली की तो अंगणाच्या त्या टोकाला. तो लढायचाही जोरात, खोटं सांगत नाही. त्याच्याशिवाय मजा येत नसे. ब्रॅनवेलसारखाच. फरक इतकाच की ब्रॅनवेलने पेटीतून स्वतः उचललं होतं.

एका वर्षी त्याने स्वतःच्या हाताने चिखलाचे पाच मावळे केले आणि घेऊन आला. ओबडधोबड, भाल्याच्या जागी खराट्याच्या काड्या. म्हणाला, "हे वर ठेवू या." आम्ही काय केलं? त्याचे मावळे पायथ्याशी, दगडांच्या रांगेत ठेवले. त्याचेच होते ना, म्हणून त्याच्या बाजूला. तो काही बोलला नाही. पुढच्या दिवाळीत तो खेळायला आला नाही.

कॉलेजात गेल्यावर मी नीट इतिहास वाचला. महाराजांच्या आरमारावरचा दौलतखान भेटला. पुरंदरच्या पायथ्याशी १६६५ मध्ये औरंगजेबाची फौज घेऊन बसलेला मिर्झाराजा जयसिंग, आमेरचा कछवाहा राजपूत, तोही भेटला. शाळेच्या पुस्तकात ही नावं होती हो, आम्ही परीक्षेत लिहीतसुद्धा होतो. पण अंगणात लाल आणि निळं वाटताना ती आम्हाला आठवली नाहीत. त्या मुलाचं कुटुंब एव्हाना गाव सोडून गेलं होतं.

तर सांगाडे. अठरांपैकी अकरा झाले आहेत. हाडांना आधी पांढरा, मग चहासारखा पातळ तपकिरी फिरवायचा, तो फटींत उतरतो आणि बरगड्या दिसायला लागतात. हात थरथरतो, त्यामुळे दोघांचे डोळे चुकले आहेत. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवाला दाखवले. म्हणाला, "मस्त! मी आलो की मोहीम सुरू करू. तुम्ही माझ्या बाजूने या, आजोबा, एक साथीदार घ्या."

मी त्याला सांगितलं की मला समोर बसू दे, सांगाडे मी चालवतो. तो म्हणाला, "पण ते नियमाने चालतात, त्यांना खेळाडू लागत नाही." मी म्हटलं, "एक डाव बसून बघतो." तो विचार करतोय. नियम बदलावे लागतील म्हणे, कारण मी चालवले तर ते पळून जातील, दबा धरतील, कदाचित तहाची बोलणीही करतील.

वेळ झाली. मागच्या रांगेतून मघाशी एक हात वर झाला होता, तिथून सुरुवात करू. विचारा.